निस्तरणं आणि शिकणं

रात्रपाळीत वॉर्डातल्या धुतलेल्या चादरी संपतात. एक बेड ओला झालेला आहे, पेशंट कुडकुडतोय आणि लाँड्री सकाळशिवाय उघडणार नाही. ड्यूटीवरची सिस्टर शेजारच्या वॉर्डात जाते, तिथल्या कपाटातून चार चादरी आणते, बेड बदलते आणि पुढच्या कामाला लागते. पेशंटची सोय झाली, डॉक्टरांना काही कळायचं कारण उरलं नाही, आणि आपण काम अडू दिलं नाही याचं तिलाही बरं वाटतं. पहाटे शेजारच्या वॉर्डात चादरी कमी पडतात, तेव्हा तिथली सिस्टर तिसऱ्या वॉर्डाकडे वळते. चादरी मुळात कमी का पडतात, हे कोणी कोणाला विचारत नाही. लाँड्रीला तर आपल्याकडून काही कमी पडतंय याचा पत्ताच नसतो.

अनिता टकर आणि एमी एडमंडसन या संशोधकांनी अमेरिकेतल्या नऊ हॉस्पिटलांमध्ये नर्सेसच्या पाळ्यांमागे राहून अशाच अडचणी टिपल्या. कुठे औषध वेळेवर आलेलं नाही, कुठे यंत्राचा एक भाग गायब आहे, कुठे दोन विभागांच्या नोंदी जुळत नाहीत. २००३ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुतेक वेळा नर्सनं तेवढ्यापुरता मार्ग काढला होता. तीच अडचण उद्या पुन्हा येऊ नये म्हणून कोणाशी बोलण्याचे प्रसंग अगदी मोजके होते. या नर्सेस कामचुकार नव्हत्या. स्वतःच्या हिमतीवर काम पार पाडणं, दुसऱ्याला त्रास न देणं, पेशंटला ताटकळत न ठेवणं, असे ज्या गुणांसाठी त्यांचं कौतुक होत होतं, त्याच गुणांमुळे हॉस्पिटल तसंच राहत होतं.

हा निष्कर्ष हॉस्पिटलाबाहेर नेऊन पाहावा असं मला फार वाटतं. आपल्याकडे प्रत्येक कचेरीत, कारखान्यात, शाळेत, बँकेच्या शाखेत एक तरी माणूस असा असतो की त्याच्यावाचून पान हलत नाही. सर्व्हर बंद पडला की त्याला फोन, फाइल अडली की त्याला फोन, माल चुकीचा गेला की तोच ट्रान्सपोर्टवाल्याशी बोलून परत आणवतो. साहेब निर्धास्त असतात, वार्षिक समारंभात त्याचा सत्कार होतो. तो निवृत्त झाला किंवा नोकरी सोडून गेला की मग कळतं, वीस वर्षं त्यानं ज्या अडचणी निस्तरल्या त्या सगळ्या जागच्या जागी आहेत. त्याला अनुभव मिळाला, टीमला मिळाला नाही. वेळ मारून नेण्यात तरबेज असलेल्या टीमला शिकण्याची गरजच भासत नाही, आणि म्हणून ती शिकत नाही. शिकणारी टीम कशी घडवायची या प्रश्नाचं माझं उत्तर इथून सुरू होतं: निस्तरलेली प्रत्येक अडचण बोलली गेली पाहिजे, आणि बोलणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागता कामा नये.

पीटर सेंगे यांचं ‘द फिफ्थ डिसिप्लिन’ १९९० साली आलं आणि शिकणारी संस्था ही कल्पना जगभरच्या व्यवस्थापकांच्या तोंडी झाली. त्या पुस्तकातला एक मुद्दा मात्र मागे पडला असं मला वाटतं. संस्थेत शिकण्याचं मूळ एकक व्यक्ती नसून टीम आहे, असं सेंगे यांनी स्पष्ट मांडलं होतं. आपण व्यक्तींना प्रशिक्षणाला पाठवत राहिलो. दोन दिवसांचं निवासी शिबिर, एक फोल्डर, एक प्रमाणपत्र, शेवटी ग्रुप फोटो. सोमवारी माणूस त्याच टेबलावर, त्याच साहेबांपुढे, त्याच भीतीसह परत येतो. शिबिरं निरुपयोगी असतात असं नाही. नवं यंत्र किंवा नवी प्रणाली आली तर ती शिकवावीच लागते. पण टीमचं रोजचं काम तिला जे शिकवू पाहतं, ते शिबिरात सापडत नाही.

मग माणसं बोलत का नाहीत? एडमंडसन यांच्याच आधीच्या एका अभ्यासात याचं उत्तर आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला औषधं देताना होणाऱ्या चुका त्या तपासत होत्या. ज्या वॉर्डांत टीम चांगली, नेतृत्व चांगलं, तिथे चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले. चांगल्या म्हणवल्या गेलेल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या. चांगली टीम जास्त चुकते, हे पटण्यासारखं नव्हतं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण मोजलेल्या चुका या सांगितल्या गेलेल्या चुका आहेत. हे पडताळण्यासाठी त्यांनी आधीचे आकडे ठाऊक नसलेल्या एका सहकाऱ्याला वॉर्डांमध्ये पाठवलं. त्याला वॉर्डावॉर्डांत जमीन-अस्मानाचा फरक दिसला. एका वॉर्डाची प्रमुख नर्स स्वतः कामाच्या कपड्यांत वावरत होती, कामाला हात लावत होती. तिथे चूक झाली तर लोक उघडपणे बोलत होते. दुसऱ्या एका वॉर्डात प्रमुख बाई ऑफिसच्या पोशाखात असत आणि चूक करणाऱ्या नर्सला गुन्हेगारासारखं उभं केलं जाई. तिथली नोंदवही स्वच्छ होती.

ज्या नोंदवहीत कधीच काही वावगं नसतं ती पाहून साहेबांनी खूश होऊ नये. त्यांनी काळजीत पडावं.

आपल्याकडे ही भीती नियमांतच विणलेली आहे. सरकारी कार्यालयात काही बिघडलं की पहिली हालचाल म्हणजे खुलासा मागवणं. खुलासा समाधानकारक नसेल तर कारणे दाखवा नोटीस, त्यापुढे चौकशी, आणि वर्षाअखेरीला मूल्यमापन अहवालात एक ओळ. खासगी कंपनीत शब्द वेगळे असतात, पण वर मेल जातो, रिव्ह्यू मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर नाव निघतं आणि अप्रेझलमध्ये त्याची आठवण ठेवली जाते. या सगळ्यातून गेलेला माणूस एक गोष्ट पक्की शिकतो: आपल्या हातून काही झालं तर कागद आधी ठीक करायचा. क्लार्कपासून उपसंचालकांपर्यंत सगळे हे शिकतात. त्या अर्थानं प्रत्येक संस्था शिकणारी असतेच. तिथली माणसं काय शिकतात, हे बघायला हवं.

यावर हमखास येणारं उत्तर असतं की आपली माणसंच तशी, त्याला कोण काय करणार. हे मला अजिबात मान्य नाही, आणि माझ्या म्हणण्याला भक्कम आधार आहे. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ साली बंद पडला. गैरहजेरी, संप, तक्रारींचे ढीग आणि सदोष गाड्या यासाठी तो बदनाम होता. १९८४ साली टोयोटा आणि जनरल मोटर्सनं भागीदारीत तो पुन्हा सुरू केला. कामगार बहुतांश तेच होते आणि युनियनही तीच होती. जुन्या दिवसांत तिथे काहीही झालं तरी लाइन थांबवायची नाही असा दंडक होता. चुकीची बसवलेली गाडी तशीच पुढे सरके आणि शेवटी अंगणात दुरुस्तीसाठी उभी राही. नव्या व्यवस्थेत प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर एक दोरी आली. काही बिघडलं, बोल्ट नीट बसला नाही, मागे पडायला झालं की दोरी ओढायची. दिवा लागतो, टीमचा म्होरक्या धावत येतो. ठरलेल्या खुणेपर्यंत गाडी पोचायच्या आत अडचण सुटली तर लाइन चालू राहते, नाहीतर थांबते. थोड्याच काळात फ्रीमाँटच्या गाड्या दर्जात जपानी कारखान्यांच्या जवळ पोचल्या आणि गैरहजेरी झपाट्यानं घटली.

दोरी म्हणजे या गोष्टीचा निम्मा भाग. उरलेला निम्मा म्हणजे ओढल्यावर कोण येतं आणि पहिलं वाक्य काय बोलतं. म्होरक्या येऊन ‘कोणी ओढली?’ असं दरडावून विचारणार असेल, तर आठवड्याभरात दोरीवर धूळ बसते. तो ‘काय झालंय, दाखव’ म्हणाला तर दोरी वापरात राहते. जनरल मोटर्सनं हीच पद्धत आपल्या इतर कारखान्यांत नेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ती बरीच वर्षं रुजली नाही. दोरी कुठेही टांगता येते. सुपरवायझरला मात्र लाइन न थांबण्यासाठीच बक्षीस मिळत होतं.

साधन उचलायचं आणि त्यामागचं वागणं तसंच सोडायचं, ही चूक वैद्यकातही झाली, आणि तिथे ती आकड्यांत दिसते. ऑपरेशनपूर्वी, चीर घेण्याआधी आणि शेवटी वाचायची एक पानी यादी जागतिक आरोग्य संघटनेनं तयार केली. आठ शहरांतल्या हॉस्पिटलांमध्ये ती वापरून पाहिली गेली, त्यात दिल्लीही होती. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. जगभर यादी सक्तीची होऊ लागली. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतानंही १०१ हॉस्पिटलांत ती लागू केली. २०१४ साली तिथले आकडे प्रसिद्ध झाले: यादीपूर्वी मृत्यू ०.७१ टक्के, यादीनंतर ०.६५ टक्के. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक धरण्यासारखा नव्हता. यादी वापरली जात असल्याचं मात्र जवळपास सगळ्यांनी कळवलेलं होतं.

याच्या शेजारी मिशिगन ठेवून पाहा. तिथल्या शंभरावर अतिदक्षता विभागांनी मोठ्या रक्तवाहिनीत नळी घालताना होणारा जंतुसंसर्ग रोखण्यासाठी पाच साध्या गोष्टी ठरवल्या: हात धुणं, त्वचा ठरावीक द्रावणानं पुसणं, पूर्ण निर्जंतुक आच्छादन वापरणं, शक्यतो जांघेतून नळी न घालणं, आणि गरज संपताच नळी काढणं. या गोष्टी प्रत्येक डॉक्टरला आधीच ठाऊक होत्या. नवं काय केलं? लागणारं सगळं सामान एका गाड्यावर एकत्र ठेवलं, म्हणजे आच्छादन शोधायला तीन कपाटं उघडावी लागू नयेत. डॉक्टरांनी एखादी पायरी गाळली तर तातडीचा प्रसंग सोडून नर्सनं त्यांना थांबवायचं, हा अधिकार तिला वरून देण्यात आला. आणि आपल्या विभागात किती संसर्ग झाले, हे टीमला नियमित कळवलं जाऊ लागलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दर हजार नळी-दिवसांमागे संसर्गाचा मध्यक २.७ वरून शून्यावर आला आणि दीड वर्षानंतरही तो शून्यच होता. नर्सनं सर्जनला ‘सर, थांबा’ म्हणणं हे आपल्याकडच्या कोणत्याही हॉस्पिटलात किती अवघड आहे याचा विचार करा, म्हणजे मिशिगनमध्ये नेमकं काय बदललं ते कळेल. कागद ऑन्टारिओतही होता. मिशिगनमध्ये टीममधल्या सर्वांत खालच्या माणसाच्या शब्दाला वजन आलं, आणि आपल्या कामाचं फळ काय निघालं हे सगळ्यांना दिसू लागलं.

आता शिस्तीच्या आक्षेपाकडे येऊ, कारण तो खरा आहे. चुका सांगितल्या म्हणून माफ करायच्या, तर उद्या कोणीही काहीही करेल. जबाबदारी नावाची चीज उरणार नाही. विमान वाहतुकीनं या प्रश्नाला फार विचारपूर्वक उत्तर दिलेलं आहे, आणि ते उत्तर जिवांची किंमत मोजून मिळालेलं आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळाकडे येणारं ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचं विमान व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळलं. विमानातले ९२ च्या ९२ जण गेले. उतरण्याच्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी एक घेतला होता आणि नियंत्रकांनी दुसरा. त्या घोळात विमान वेळेआधीच खाली आलं. तपासात समोर आलं की सहाच आठवड्यांपूर्वी युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान याच घोळामुळे याच डोंगरावर आदळता आदळता वाचलं होतं. युनायटेडनं आपल्या वैमानिकांना सावधही केलं होतं. ती सूचना कंपनीच्या भिंतीबाहेर गेली नाही.

त्यातून १९७६ साली अमेरिकेत वैमानिकांनी आणि नियंत्रकांनी चुका गोपनीयपणे कळवण्याची व्यवस्था उभी राहिली. ती चालवायला दिली नासाकडे, परवाना देणाऱ्या आणि दंड करणाऱ्या खात्याकडे नव्हे. कारण ज्याच्या हातात काठी आहे त्याच्याकडे कोणी आपण होऊन जात नाही. नियम असा की चूक जाणूनबुजून केलेली नसेल, त्यात गुन्हा किंवा अपघात नसेल आणि दहा दिवसांच्या आत कळवली असेल, तर त्या चुकीबद्दल दंड किंवा निलंबनाची शिक्षा भोगावी लागत नाही. जाणूनबुजून नियम मोडणाऱ्याला इथे कसलीही सूट नाही. जबाबदारी नाहीशी झालेली नाही. तिची जागा बदलली आहे. चूक होणं हा गुन्हा राहिला नाही, ती वेळेत सांगणं हे कर्तव्य झालं. कोणत्याही टीमनं ही रेघ अशीच आखावी: हलगर्जीपणाला माफी नाही, लपवण्याला तर नाहीच, आणि कळवणाऱ्याला संरक्षण.

आपल्या देशातही हे जमलेलं आहे. केरळात २००४ पासून स्त्रीरोगतज्ज्ञांच्या राज्य संघटनेनं सरकारच्या मदतीनं मातामृत्यूंचा गोपनीय आढावा सुरू केला. बाळंतपणात किंवा त्यानंतर दगावलेल्या स्त्रीच्या कागदपत्रांतून तिचं नाव, हॉस्पिटलाचं नाव आणि डॉक्टरांचं नाव काढून टाकलं जातं, आणि मग अनुभवी डॉक्टर ते वाचतात. कोणाचं चुकलं हे त्यांना ठरवायचंच नसतं. कुठल्या टप्प्यावर काय वेगळं झालं असतं तर ती वाचली असती, एवढंच शोधायचं असतं. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव आणि वाढलेला रक्तदाब ही मोठी कारणं पुन्हा पुन्हा पुढे आली. त्यावरून कार्यपद्धती ठरल्या आणि राज्यभरच्या डॉक्टरांना, नर्सेसना शिकवल्या गेल्या. नमुना नोंदणीच्या आकडेवारीनुसार केरळातलं मातामृत्यूचं प्रमाण २००४-०६ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे ९५ होतं, ते २०१८-२० मध्ये १९ वर आलं. याचं सगळं श्रेय या आढाव्याला देणं चूक ठरेल. त्याच काळात महाराष्ट्राचं प्रमाणही १३० वरून ३३ वर आलं आहे, आणि त्यामागे रस्ते, रुग्णवाहिका, दवाखान्यातली बाळंतपणं अशी पुष्कळ कारणं आहेत. पण आधीच देशात सर्वांत पुढे असलेलं राज्य आणखी पुढे जाण्यासाठी आपल्याकडच्याच मृत्यूंची पानं उलगडून बसतं, ही वृत्ती मला महत्त्वाची वाटते. यशस्वी माणसांना शिकणं सगळ्यांत जड जातं, असं ख्रिस अर्गिरिस यांनी १९९१ साली मोठमोठ्या सल्लागारांचा अभ्यास करून दाखवलं होतं. कधी नापास न झालेल्यांना अपयशाकडे पाहायची सवय नसते. ते लगेच दुसऱ्याकडे बोट दाखवतात. केरळातल्या डॉक्टरांनी ते टाळलं.

मातामृत्यूचा आढावा देशभर बंधनकारक आहे, महाराष्ट्रातही होतो. कोणाला दोष देण्यासाठी तो नाही, असं मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. तरीही जिल्ह्याच्या बैठकीत वरिष्ठांच्या समोर उभ्या राहणाऱ्या एएनएमला किंवा आशाताईंना ते वाक्य खरं वाटतं का, यावर त्या आढाव्याचं सगळं यश अवलंबून आहे. त्यांना पहिला प्रश्न ‘तुम्ही तेव्हा कुठे होता?’ असा आला, तर पुढची सगळी माहिती सांभाळून दिलेली असणार.

वेळ नाही, ही अडचण उरते. ती खोटी नाही. पदं रिकामी आहेत, टार्गेटं चढती आहेत, आणि वॉर्डात दोघींचं काम एकटी सिस्टर करते आहे. पण चादरींचा हिशेब इथेही लागू होतो. रोज रात्री चादरी शोधायला जाणारा वेळ कोणाच्या खात्यात पडत नाही, म्हणून तो फुकट वाटतो. आठवड्यातून अर्धा तास बसून लाँड्रीशी बोलण्यात गेलेला वेळ मात्र डोळ्यांवर येतो. टीमच्या प्रमुखानं हा अर्धा तास आपल्या अधिकारात राखून ठेवला पाहिजे, कारण हाताखालच्या माणसाला तो स्वतःहून घेता येत नाही. भारतात क्वालिटी सर्कलची चळवळ १९८० साली भेलच्या हैदराबादच्या कारखान्यात सुरू झाली, पुढे पिंपरी-चिंचवडपर्यंत सगळीकडे पसरली. ज्या ठिकाणी ती सर्कल्स कामगारांच्या स्वतःच्या प्रश्नांवर चालली तिथे त्यांचा उपयोग झाला. जिथे ती स्पर्धेच्या सादरीकरणासाठी चालली तिथे ढाली जमल्या.

म्हणून ज्यांच्या हाताखाली चार माणसं आहेत, त्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. या आठवड्याच्या बैठकीत टार्गेटच्या आधी एकच प्रश्न विचारा: गेल्या आठवड्यात तुम्ही काय काय निस्तरलंत? पहिल्यांदा कोणी बोलणार नाही. कदाचित दुसऱ्यांदाही नाही. जो कोणी पहिल्यांदा बोलेल, त्याला मधे तोडू नका, त्याची चूक शोधू नका, आणि ती गोष्ट त्याच्या अप्रेझलपर्यंत जाऊ देऊ नका. सांगितलेल्या अडचणींतली एक निवडा, तीही तुमच्या अधिकारात सुटेल अशी, आणि पुढच्या बैठकीच्या आत ती सोडवून त्याला कळवा. सुटली नाही, तर का सुटली नाही तेही सगळ्यांसमोर सांगा.